बरगडीचं नाक

आंबागड
२ मार्च २०१२

रेणूताईले मोनाचा नमस्कार.

आधी तब्येतीचं लिहा, मंग बाकीचं. वहिनीनं फोन काहून नाही केला म्हणून रागावू नका. आपल्या घरी फोन म्हणजे गावची चावडी. तुमचे भाऊ स्पीकर लावतात, आई खाटेवरून ओरडतात, केशरबाई कुंपणापलीकडून इचारते, अन् रेंज तर किल्ल्याकडे तोंड करून उभं राहिलं तरच येते. त्याच्यापेक्षा कागद बरा. माह्या दिघोरीच्या बाबाचं म्हणणं होतं, पोरीले बारावीपर्यंत शिकवलं ते नुसतं चूल फुकायले नाही. तर त्याईचं म्हणणं आज खरं करून राहिली.

इथं काय झालं ते सांगते. तुमचा फोन तुमच्या रूमवाल्या रीतानं उचलला अन् म्हणे, "रेणूचं नागपूरले ऑपरेशन झालं, छातीले टाके आहेत, आताच क्वार्टरवर आणलं, झोपली आहे." झालं! घरात चूल पेटली नाही. तुमचे भाऊ लगेच जवाहरनगरले गेले. परत आले ते भिंतीकडे तोंड करून बसले. आई म्हणे, "कायचं ऑपरेशन, भूषण?" हे म्हणे, "छातीचं." "छातीत काय?" तर म्हणे, "बहिणीले छातीचं कसं इचारू, माय?" अन् उठून धानाच्या बांधीकडे निघून गेले. मंग आईनंच ठरवलं. छातीत दुसरं असते काय, काळीजच असते.

तवापासून गावभर तुमचं काळीजच चालू आहे. महाशिवरात्रीले आई गायमुखच्या जत्रेत गेल्या, देवाच्या दारात चपला सोडल्या अन् नवस बोलल्या. "रेणूचं काळीज धड होऊ दे. ते आपल्या पायानं येऊन माह्यासंगं इथं दर्शन घेईन, तवाच मी पायात चप्पल घालीन." त्याईले शुगर आहे. डॉक्टरनं अनवाणी फिरू नका म्हणून बजावलं आहे. ते मी म्हटलं तर मले म्हणे, "तुले लेक होईन तवा बोलजो."

(ते होणारच आहे, ताई. दिवस गेले आहेत मले. पण तुमच्या आजारात सांगायची लाज वाटते म्हणून कंसात लिहिलं.)

तुमचे भाऊ म्हणत होते, नाकावरबी पट्टी होती, ऑक्सिजनच्या नळीनं सुजलं म्हणून. माय वो, कशी लावली नळी त्या मेल्यांनी! जंतू लागतात म्हणून तुमी कोणाले येऊ देत नाही, नाहीतर मीच आली असती. लवकर लिहा.

तुमची वहिनी,
मोना


जवाहरनगर
१३ मार्च २०१२

प्रिय वहिनी,

दिवस गेल्याचं कंसात लिहितेस, वेडी कुठली! ते तर पहिल्या ओळीत लिहायचं होतं. मी पत्र दुमडून तेवढंच पुन्हा पुन्हा वाचलं. आईच्या हातचं तेलपाणी मिळणार तुझ्या बाळाला. आंबागडातली अर्धी पोरं तिच्याच पायांवर आंघोळ करून मोठी झाली आहेत.

मी बरी आहे. कामावर जायला लागली. फॅक्टरीची बस खड्ड्यात आदळली की उजव्या फासळ्या हाताने धरून बसते. शिंकेची तर इतकी भीती बसली की ऑफिसात कोणी जुनी फाईल झटकली की मी बाहेर पळते. उजव्या कुशीवर झोपता येत नाही. पाण्याची बादली उचलता येत नाही, रीता भरून देते. परवा तिने आमच्या मोठ्या साहेबांची नक्कल केली. मला हसू आलं आणि हसता हसता मी रडायलाच लागली, एवढी कळ आली.

काळजाचं तसं काही नाही, वहिनी. थोडं हाडाचं काम होतं, ते झालं. आईला सांग, डॉक्टर म्हणाले काळीज ठणठणीत आहे. जास्त विचारू नको. नाकाचं म्हणशील तर हो, नळीनेच सुजलं. उतरेल हळूहळू.

आईला चपला घालायला लाव. ऐकत नसेल तर माझी शपथ घाल. गायमुखला मी येईन, पण आत्ता नाही, सुट्ट्या संपल्या आहेत.

हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक.

तुझी,
रेणू


आंबागड
१० एप्रिल २०१२

रेणूताई,

पत्र चुलीत नाही टाकलं, माह्या पेटीत लुगड्याच्या खाली ठेवलं. तुमी आता "मला", "आहेत" असं लिहायले लागल्या. ऑफिसवाल्या झाल्या बापा! आईले वाचून दाखवताना मीच त्याचं आपल्या बोलीत करून सांगते, नाहीतर त्याईले वाटते कोण्या साहेबाचं पत्र आलं.

आईले तुमची शपथ घातली. तर मलेच म्हणे, "जिचं काळीज आधीच फाटलं आहे त्या लेकीची शपथ घालतेस? तुही जीभ कशी वळली?" अख्खा दिवस माह्याशी बोलल्या नाहीत. काळीज ठणठणीत आहे म्हटलं तर म्हणे, डॉक्टर लोक पेशंटले खरं सांगत नसतात. मोहफुलं वेचायले पहाटेच जातात, तशाच अनवाणी. सोमवारच्या भजनात भोजराजबुवा तुमच्या नावानं नारळ फोडतात. केशरबाईनं तर आपल्या गाईचं पहिलं तूप तुमच्यासाठी बरणीत भरून ठेवलं आहे. तुमच्या भावानं ते चोरून खाल्लं नाही, इतका वचक आहे तुमच्या आजाराचा.

आता एक इचारते, रागावू नका. माहे मोठे बाबा, सेवकराम, त्याईचं काळजाचं ऑपरेशन झालं होतं. चिरा मधोमध होता, गळ्याखालून पार खाली. तुमी तर उजवी बाजू धरून बसता. अन् हाडाचं काम म्हणता. ताई, मीबी बाईच आहे. छातीत गाठ असते ते मले समजते. दिघोरीच्या आमच्या एका मामीले झाली होती. तिनं लाजेपायी नवऱ्यालेबी सांगतलं नाही अन् सांगतलं तवा फार उशीर झाला होता. तुमी लग्नाच्या आहा म्हणूनच लपवून राहिल्या ना?

मी कोणाले सांगणार नाही. माह्या पोटातल्या लेकराची आण. तुमच्यासंगं नागपूरले मी येईन. तुमच्या भावाले काही बहाणा सांगता येते, मर्दाईले असल्या गोष्टीत काही समजत नाही. पण एकट्या रडत बसू नका.

तुमची,
मोना


जवाहरनगर
१९ एप्रिल २०१२

वहिनी,

आधी ती लेकराची आण परत घे. आत्ताच्या आत्ता घे, मग पुढचं वाच.

गाठ नाही. काळीज नाही. नाक आहे.

मी नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. बसकं होतं ते उंच करून घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं, काही आजार नव्हता, माझ्या मनानेच केलं. मटणातल्या बरगडीला टोकाशी कुरकुरीत असते बघ, दादा आवडीने चावतो ते? माणसाच्या बरगडीलाही असते. त्याला कूर्चा म्हणतात. नाकाला उंची द्यायची तर आत आधार लागतो. डॉक्टर म्हणाले, कानामागची पुरणार नाही, तुमचं नाक फारच बसलेलं आहे. म्हणून उजव्या छातीखाली चीर देऊन बरगडीचा तुकडा काढला, तो कोरून सारखा केला आणि नाकात बसवला. मला वाटलं होतं नाकच दुखेल. नाक तर लवकर बरं झालं. छातीच दुखते अजून. तिथे हाताला खळगा लागतो, चिऱ्याची जागा बधीर आहे आणि तिच्या भोवती ठणकते. नाक आरशात छान दिसते, पण लाकडाचं असल्यासारखं वाटते. शेंडा दाबला तर दबत नाही. हसली की वरचा ओठ ताणतो.

काहून केलं म्हणशील. मागच्या वर्षी तुमसरचे पाहुणे मला पाहायला आले होते, तू पोहे केले होतेस, आठवते? मुलाच्या आत्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पदरात तोंड घालून बोलली, "दोघी एकाच साच्यातल्या दिसतात." आई हसली. तिला वाटलं कौतुक केलं. म्हणे, "हो जी, रेणू माह्यावरच गेली." वहिनी, मी त्या बाईवर चिडली नाही. मी आईवर चिडली. ती त्या बसक्या नाकाने हसत होती त्याची मला लाज वाटली. तिथून हे सुरू झालं.

मी खोटं बोलली नाही. दादाने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तो भिंतीकडे पाहत होता, मी पायांकडे. नळीचं तेवढं खोटं. तुम्ही काळीज ठरवलं तेव्हा मला बरंच वाटलं, हेही सांगून टाकते. काळीज दुखलं तर लोक हात जोडतात, नाक दुखलं तर हसतात. पण तू गाठ समजून माझ्यासाठी रडलीस, आता मला ऑफिसच्या आरशासमोरसुद्धा उभं राहावंसं वाटत नाही.

एवढं कर. आईला सांग, डॉक्टरांनी लिहून दिलं, रेणू पूर्ण बरी झाली, चपला घाला. मी येऊ शकत नाही. ती नाक पाहील. तिला कळलं की मी तिचंच नाक काढून टाकलं, तर मी तिला कोणत्या तोंडाने आई म्हणू?

रेणू


आंबागड
२४ मे २०१२

रेणूताई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशीच उत्तर लिहिलं असतं तर कागद पेटला असता. म्हणून थांबली.

गाठ नाही हे वाचून आधी देवाले हात जोडले. मंग जो राग आला, तो राग आला! मी इथं चुलीच्या धुराचं नाव करून रडून राहिली, भोजराजबुवा नारळ फोडून राहिले, केशरबाईचं पोट्टं बिनतुपाची पोळी खाऊन राहिलं, अन् तुमी नाक सरळ करून राहिल्या. तुमच्या भावाले अजून सांगतलं नाही. त्याईले आता ते कुरकुरीत हाड खाऊ घालायचीबी मले हिंमत होत नाही.

पण राग जाऊ द्या. आईचं ऐका.

तेंदूपत्त्याचा हंगाम लागला. आई घरात बसणाऱ्या नाहीतच, गेल्या जंगलात पानं तोडायले. अनवाणी. भुई तव्यासारखी. तेंदूची झुडपं आधी छाटून ठेवलेली असतात, त्याचे खुंट सुरीसारखे राहतात, हे तुमाले सांगायले नको. त्यातला एक खुंट अंगठ्याच्या मुळाशी घुसला. शुगरवाल्याच्या पायाले दुखणं समजत नाही. आई तशाच पानं तोडत राहिल्या, घरी येऊन हळद भरली अन् कोणाले बोलल्या नाहीत. घरात वास यायले लागला तवा मी पाय धरून पाहिला. ताई, मले उलटी झाली.

तुमसरच्या डॉक्टरनं साफ करून पट्टी बांधली. म्हणे, भरलं नाही तर अंगठा काढा लागन. अन् म्हणे, घरातबी चप्पल पायजेच. तर आई काय म्हणतात? "रेणूले इचारा, तिचं काळीज बरं झालं का. ते येऊन हो म्हणन, तर घालते."

मी खोटं सांगणार नाही. अन् खरंबी सांगणार नाही. माह्या तोंडातून निघालं तर सुनेनं नणंदेची चुगली केली असं होईन. तुमी या. तुमी नाकापायी बरगडी कापली अन् तुमची माय तुमच्यापायी पाय कापून राहिली. लाज वाटत असन तर इथं येऊन वाटू द्या. तिकडे बसून वाटली तर तिचा कोणाले उपयोग?

मोना


जवाहरनगर
१८ जून २०१२

वहिनी,

काल क्वार्टरवर परत पोहोचली. मी आईला सांगितलं तेव्हा तू चुलीपाशी होतीस, तुला अर्धंच ऐकू आलं असेल, म्हणून लिहिते.

मी आईच्या पायाची पट्टी बदलत होती. तोंडाकडे पाहून सांगायची हिंमत नव्हती, म्हणून जखमेकडे पाहून सांगितलं. "आई, काळजाचं नव्हतं. नाकाचं होतं. माझं नाक तुझ्यासारखं होतं, ते मला नको होतं." एवढंच निघालं तोंडातून. बसमध्ये बसून जे ठरवलं होतं ते सगळं विसरली. मला वाटलं आता थोबाडीत बसते. बसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणे, "मंग आता चप्पल घालू का?"

वहिनी, तिने मला विचारलं. माझी परवानगी मागितली.

मी हो म्हटलं. मग तिने माझ्या उजव्या फासळ्यांवर हात ठेवला, "इथं दुखते?" म्हणे. मी पुन्हा हो म्हटलं. बस. दुसऱ्या दिवशी दादाच्या गाडीवर आम्ही दोघी गायमुखला गेलो, पाया पडलो, तिने चपला घातल्या. नाकाबद्दल शब्द नाही. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

बसवर सोडायलाही आली. रस्त्याचं काम चालू आहे ना, धूळ इतकी होती की तिने नाकावर पदर घट्ट धरला होता, तसाच हात हलवला. मला वाटते तिने माफ केलं. खरं सांगू, मन हलकं झालं. तू बोलावलं नसतंस तर मी आलीच नसती.

आणखी एक आहे, ते तुलाच सांगते. नाक डावीकडे कलायला लागलं. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं की बरगडीची कूर्चा कधी कधी आतल्या आत वाकते, तसं झालं. ऑफिसात अजून कोणाच्या लक्षात आलं नाही, पण रीताच्या आलं. डॉक्टर म्हणतात वर्षभर थांबा, मग दुसऱ्या बरगडीचा तुकडा घेऊन सरळ करू. मी बरं म्हणून आली. एवढं केल्यावर अर्धवट सोडून कसं चालेल?

तब्येत सांभाळ. धानाच्या रोवण्याच्या चिखलात उतरू नको, दादाला माझं नाव सांग.

तुझी,
रेणू


आंबागड
९ सप्टेंबर २०१२

रेणूआत्याबाई,

हो, आत्याबाई झाल्या तुमी! पोरगी झाली. फोनवर तुमच्या भावानं "सगळं ठीक आहे" एवढंच सांगतलं असन, त्याईचं तेवढंच असते. पोरगी गोरी नाही, सावळी आहे, केस भरपूर, आवाज तर किल्ल्यावर ऐकू जाते. आईचा पाय भरला. अंगठा राहिला, नख गेलं.

अन् पोरीचं नाक आईचं आहे, ताई. हुबेहूब. मी पाहिलं अन् मले हसू आलं, इतकं ते आईचं आहे. आईनं पाहिलं अन् त्या पदराआड गेल्या.

ते धूळ नव्हती, ताई. तुमी गेल्या तवापासून पदर नाकावर आहे. मृग गेला, रोवणा झाला, रस्त्यावर चिखल झाला, धूळ कुठली आली? केशरबाईनं इचारलं तर म्हणे दात दुखते. बारशाच्या दिवशी तुमच्या भावानं मोबाईलवर फोटो काढला, त्यात आईनं तोंड पाठीमागे केलं. "माह्या तोंडाचा फोटो कायले पायजे," म्हणे. हेच मी तुमाले लिहिणार नव्हती. आई चप्पल घालून हिंडून राहिल्या, तेवढंच बरं, असं मनाले समजावलं होतं.

पण आता माह्या लेकराची गोष्ट आहे. आईच्या हातचं तेलपाणी तुमाले ठावंच आहे, कसा मऊ हात. सगळ्याच आज्या नाक थोडं चिमटीत धरून ओढतात, ते मलेबी ठावं आहे. पण हे तसं नाही. सकाळी आंघोळीले ओढतात, दुपारी तेल लावून ओढतात, मी पाजायले घेतली की पाजून होईपर्यंत वाट पाहत बसतात. पोरीचं नाक लाल झालं आहे, वरचं कातडं सोललं. तिले श्वास घेता येत नाही, मंग दूध सोडून रडते. काल मी पाया पडून म्हटलं, "आई, राहू द्या, तिले दुखते." तर आई काय म्हणे ऐका.

"रेणू झाली तवा रोवणा चालू होता. मी सव्वा महिनाबी घरात बसली नाही, लेकरू बांधीच्या धुऱ्यावर निजवून चिखलात उतरली. तिचं नाक मी ओढलंच नाही. माह्या हयगयीपायी लेकीची बरगडी गेली. आता या पोरीचीबी जाऊ देऊ काय?"

मी सून आहे, माह्यानं याच्यापुढे बोलवत नाही. त्याईच्या डोळ्यातून टपटप पाणी गळून राहिलं होतं अन् हात चालूच होता. तुमीच लिहा. माह्या नावानं नाही, आईच्या नावानं लिहा. मी वाचून दाखवते. लवकर लिहा, पोरीच्या नाकाची खपली निघायची आहे.

तुमची,
मोना


जवाहरनगर
१६ सप्टेंबर २०१२

आई,

मोनावहिनी हे वाचून दाखवन. पोरीले मांडीवर घेऊन ऐक, पण तिच्या नाकाले हात लावू नको. एवढं पत्र होईपर्यंत तरी नको लावू.

मी डॉक्टरले इचारलं. लेकराचं नाक ओढून सरळ होत नाही, आई. ते जसं यायचं तसंच येते. ओढलं तर सोलते, दुसरं काही होत नाही. तू सव्वा महिना घरात बसून माह्यं नाक ओढलं असतं तरी ते तुह्यासारखंच आलं असतं. अन् तू रोवण्यात उतरली नसतीस तर आपण खाल्लं काय असतं? तुह्या हातून काही राहिलं नाही. जे केलं ते मी केलं.

मले लाज वाटायले पायजे होती तुमसरच्या त्या पाहुणीची, दोघी एकाच साच्यातल्या म्हणणारीची. मले तुही लाज वाटली. जूनमध्ये मी एवढंबी सांगतलं नाही. तुह्या पायाची पट्टी बदलून मले वाटलं झालं, फिटलं. तू पदर धरून उभी होतीस अन् मी त्याले धूळ म्हणून बसमध्ये बसली. मी इतकी बुद्दू कशी, आई?

तुले एक सांगतलं नाही. मी आली त्या दिवशी केशरबाई कुंपणाजवळ उभी होती. मले पाहून तुले म्हणे, "कोन पाहुणी आली वो, सुमित्राबाई?" तू म्हणलीस, "माही रेणू आहे." लहानपणापासून मले कोणी इचारलं नव्हतं, तू कोणाची म्हणून. तोंड पाहूनच समजत होतं. त्या दिवशी तुले सांगा लागलं. क्वार्टरवर येऊन मी आरशात पाहिलं तर मलेबी मी कोणाची ते दिसेना.

आता तुह्यं नाक दोघींच्याच तोंडावर राहिलं. एक तुह्या अन् एक तुह्या नातीच्या. एक तू पदरात झाकून ठेवलं, दुसरं ओढून राहिलीस. मंग मी ते पाहू कुठं?

पदर काढ, आई. मी दिवाळीले येऊन राहिली. मले तुह्यं तोंड पाहू दे.

माह्यं नाक वाकडं होऊन राहिलं. डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या बरगडीचा तुकडा काढून सरळ करून देतो. मी त्याईले नाही म्हटलं नाही अजून. मन होत नाही, पण वाकडं नाक घेऊन चार लोकांत बसायची लाजबी वाटते. इतके दिवस तुले न इचारता केलं. आता इचारते. काय करू, सांग.

तुही,
रेणू


आंबागड
२३ सप्टेंबर २०१२

रेणूताई,

पत्र वाचून दाखवलं. "आपल्या बोलीत करून" सांगायचं काम नाही पडलं, तुमी यावेळी आपल्याच बोलीत लिहिलं. मधात मीच डोळे पुसायले थांबली, मंग आई म्हणे, "नीट वाच ना वो, रडाचं तर रडजो नंतर."

आईच्या बोटाले तेल तसंच होतं. "मंग मी ते पाहू कुठं" इथं आली तवा म्हणे, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. केशरबाईवालं वाचलं तवा हसल्या अन् हसता हसता तोंड फिरवलं. मंग बोटाचं तेल पोरीच्या तळपायाले चोळलं. तवापासून नाकाले हात नाही. पोरगी आता पोटभर पिते अन् झोपते, माही पाठ जमिनीले लागून राहिली. पदर खांद्यावर आहे. कोणी दारात आलं की हात वर जाते, मंग मधातच थांबते. एकदम नाही सुटणार, ताई, पण सुटन.

तुमी जे इचारलं त्याचंबी उत्तर आहे. आज भाकरी खाताना एकदम म्हणे, कागद घे. जसंच्या तसं लिही म्हणे, आपल्या मनाचं घालू नको. म्हणून जसंच्या तसं लिहिते:

"रेणू, नाक वाकलं तर वाकू दे. तुले वाटते तू माह्यं नाक काढून फेकलं. अन् नवीन बनवलं ते कायचं बनवलं? तुह्या बरगडीचं. मंग ते बरगडी तुले कोणं देल्ली होती, डॉक्टरनं? तेबी माह्यंच आहे. आता दुसरी कापू नको. अन् उजव्या कुशीवर झोपू नको, थंडी येऊन राहिली."